दहाचे नाणे कोणी नाकारू शकते का? रायगडापासून आजच्या नाणे कायद्यापर्यंत

महाडच्या एसटी स्टँडवर उतरून तुम्ही पोलादपूरला जाणाऱ्या सहा आसनी रिक्षात बसता. उतरताना भाड्यात दहाची दोन नाणी पुढे करता. चालक नाणी परत करतो आणि म्हणतो, "नोट द्या, हे इकडे चालत नाही." खिशात नोट नसते. मागे उतरणारे खोळंबलेले असतात. तुम्ही नाणी परत घेता आणि सोबतच्या माणसाकडून वीस रुपये उसने घेता.

असा अनुभव राज्यात अनेकांना येतो. नाणे खरे असते, सरकारी टांकसाळीत पाडलेले असते, तरी ते "चालत नाही." मग नाणे चालते की नाही हे ठरवते कोण? चालक, दुकानदार, बँक की सरकार? आणि एखाद्याने नाकारलेच, तर कायदा काय म्हणतो?

थोडक्यात उत्तर

• भारतात नाणी पाडण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आहे. त्याचे नियम 'नाणे अधिनियम, २०११' या कायद्यात आहेत.

• आज चलनात असलेली ५० पैसे, १, २, ५, १० आणि २० रुपयांची सर्व नाणी कायदेशीर चलन आहेत. एका दर्शनी किमतीच्या नाण्यांची नक्षी वेगवेगळी असली तरी त्याने फरक पडत नाही.

• नाण्यांत पैसे देण्याला मर्यादा आहे. एक रुपया व त्यावरील नाणी १,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कायदेशीर चलन आहेत, तर ५० पैशांची नाणी १० रुपयांपर्यंत.

• २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत.

आता हे असे का, ते पाहू. त्यासाठी महाड तालुक्यातच, साडेतीनशे वर्षे मागे जावे लागेल.

१६७४: रायगडावर आलेली एक मागणी

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सुमारास मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन गडावर आला होता. तो केवळ नजराणा घेऊन आलेला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीला मराठी राज्याशी व्यापाराचा करार करायचा होता आणि त्यासाठी तिने कलमांची एक यादी पाठवली होती. त्यांतल्या एका कलमात मागणी होती की, कंपनीची मुंबईत पाडलेली नाणी महाराजांच्या मुलुखात चालावीत.

बोलणी निराजीपंतांमार्फत होत होती. या कलमावर महाराजांकडून आलेल्या उत्तराची नोंद इंग्रजांच्या कागदपत्रांत आहे. तिचा आशय असा: आम्ही कोणत्याही नाण्याला आमच्या मुलुखात बंदी करत नाही. मात्र जे नाणे घेतल्याने रयतेचे नुकसान होईल, ते घेण्याची सक्तीही आम्ही तिच्यावर करू शकत नाही. तुमचे नाणे मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्यांइतकेच शुद्ध आणि वजनदार असेल, तर ते चालेल. आम्ही आड येणार नाही.

नाण्यांच्या कायद्यातले दोन मूळ प्रश्न या उत्तरात आहेत. पहिला, नाणे कसे असावे, म्हणजे त्याचा धातू, शुद्धता आणि वजन काय असावे. दुसरा, ते घेण्याची सक्ती कोणावर आणि कितपत करावी. आजचा कायदाही याच दोन प्रश्नांची उत्तरे देतो. फक्त उत्तरे बदलली आहेत.

नाणे म्हणजे धातू, असा काळ

राज्याभिषेकाच्या निमित्ताने महाराजांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही त्यांतली दोन महत्त्वाची. दोन्हींवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे आहेत. होनाचे वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरते. आज होन फार दुर्मीळ आहे. शिवराई मात्र पुढे पेशवाईतही वेगवेगळ्या ठिकाणी पाडली जात राहिली, त्यामुळे ती मोठ्या संख्येने सापडते.

त्या काळी एकाच बाजारात अनेक राज्यांची नाणी चालत. सावित्री नदीच्या खाडीतून गलबते महाडपर्यंत येत, आणि घाटावरचा माल उतरून तिथे येई. अशा बाजारपेठेत नाणे हातात आले की सराफ ते वाजवून, कसोटीवर घासून आणि तोलून पाही. नाणे झिजलेले, हिणकस किंवा परमुलखातले असेल तर त्यावर 'बट्टा' लागे, म्हणजे दर्शनी किमतीतून काही भाग कापला जाई. 'बट्टा लागणे' हा वाक्प्रचार याच व्यवहारातून आपल्या बोलण्यात राहिला आहे.

म्हणजे नाण्याचा खरा आधार त्यातला धातू होता. राजाच्या नावाचा ठसा हा शुद्धतेची आणि वजनाची हमी देई. रायगडावरच्या उत्तराचा अर्थ इथे स्पष्ट होतो. हलके नाणे सक्तीने चालवले असते, तर प्रत्येक व्यवहारातला बट्टा शेवटी शेतकऱ्याच्या आणि छोट्या विक्रेत्याच्या माथी आला असता.

धातूपासून कायद्याकडे

ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये कायदा करून आपल्या सर्व मुलुखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. हा कंपनीचा रुपया सर्वत्र सारखाच असल्याने बट्ट्याचे कारण कमी झाले.

तरीही १८९३ पर्यंत रुपया म्हणजे मुख्यतः चांदीच होती. कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन द्यावी आणि शुल्क भरून रुपये पाडून घ्यावेत, अशी सोय होती. १८९३ मध्ये ती बंद झाली. तेव्हापासून रुपयाची किंमत त्यातल्या चांदीच्या भावापासून वेगळी झाली. १९०६ मध्ये नाण्यांचा सर्वंकष कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत लागू झाली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. १९६४ मध्ये 'नवे' हा शब्द गळून 'पैसा' उरला. चार आणे म्हणजे २५ पैसे आणि आठ आणे म्हणजे ५० पैसे हे समीकरण घरोघरी पाठ झाले.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट उलटी झाली. पूर्वी धातू किमती होता म्हणून नाणे चाले. आज कायदा म्हणतो म्हणून चालते. दहाच्या नाण्यातला धातू वितळवून दहा रुपये येतील की नाही, याच्याशी घेणाऱ्याला काही देणेघेणे नसते. म्हणूनच आज नाणे घेताना सराफाकडे जावे लागत नाही. पण लोकांनी विश्वास ठेवायचे थांबवले, तर हातात राहते ती फक्त धातूची चकती.

आजचा कायदा: नाणे कसे असावे?

नाणे अधिनियम २०११ मध्ये संमत झाला आणि २८ मार्च २०१२ पासून लागू झाला. त्याने १९०६ चा कायदा आणि त्यासोबतचे काही जुने कायदे रद्द करून सर्व तरतुदी एकत्र आणल्या.

कलम ४ नुसार सरकार १,००० रुपयांपर्यंतच्या कोणत्याही दर्शनी किमतीचे नाणे पाडू शकते. त्याचा आकार, नक्षी, धातू आणि मिश्रणाचे प्रमाण सरकार नियमांनी ठरवते. प्रत्येक नाण्याचे प्रमाण वजन ठरलेले असते आणि टांकसाळीत त्यात किती फरक चालेल, हेही ठरलेले असते.

उदाहरणार्थ, २०११ च्या मालिकेतील नाणी पाहा:

• १ रुपया: व्यास २२ मिमी, वजन ३.७९ ग्रॅम
• २ रुपये: व्यास २५ मिमी, वजन ४.८५ ग्रॅम
• ५ रुपये: व्यास २३ मिमी, वजन ६ ग्रॅम
• १० रुपये: व्यास २७ मिमी, वजन ७.७१ ग्रॅम, दोन धातूंचे

२० रुपयांचे नाणे २०१९ मध्ये जाहीर झाले. त्याचा व्यास २७ मिमी आणि वजन ८.५४ ग्रॅम आहे. ते बारा कडांचे आहे, त्यामुळे दहाच्या गोल नाण्यापेक्षा स्पर्शानेही वेगळे कळते.

ही नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार सरकारी टांकसाळींत पाडली जातात. कोणते नाणे कुठले, हे सालाखालच्या खुणेवरून ओळखता येते. मुंबईच्या नाण्यावर छोटा चौकोनी हिरा, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर ठिपका असतो. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. अनेकांना ही खूण दिसली किंवा दिसली नाही म्हणून नाणे खोटे वाटते. तसे नाही.

नाणी पाडते सरकार, पण ती लोकांपर्यंत पोहोचवते रिझर्व्ह बँक. नोटांचे मात्र वेगळे आहे. त्या रिझर्व्ह बँक स्वतः काढते. याला एक अपवाद आहे. एक रुपयाची नोट केंद्र सरकार काढते, आणि गंमत म्हणजे या कायद्याच्या व्याख्येनुसार ती 'नाणे' आहे!

'कायदेशीर चलन' म्हणजे नेमके काय?

सरकारी मराठीत याला 'विधिग्राह्य चलन' म्हणतात. देणे फेडण्यासाठी जे पुढे केले असता कायद्याच्या दृष्टीने ते योग्य फेड ठरते, ते कायदेशीर चलन. कलम ६ मध्ये नाण्यांसाठी तीन मर्यादा आहेत:

• १ रुपया आणि त्यापेक्षा मोठी नाणी: १,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी
• ५० पैसे: १० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी, म्हणजे जास्तीत जास्त २० नाणी
• इतर कोणतेही नाणे: १ रुपयापर्यंतच्या रकमेसाठी

आधीच्या १९०६ च्या कायद्यात रुपयाच्या नाण्याला अशी कमाल मर्यादा नव्हती. मर्यादा का आणली असेल, याचा अंदाज वजनावरून येतो. २०११ च्या मालिकेतील एक रुपयाच्या नाण्यांत १,००० रुपये दिले तर ते ओझे पावणेचार किलोपेक्षा जास्त भरते. दहाच्या नाण्यांत तीच रक्कम ७७१ ग्रॅम होते. रागाच्या भरात कोणी मोठे बिल चिल्लरीच्या गोणीने भरायला निघाला, तर घेणारा ते नाकारू शकतो. म्हणजे हा कायदा घेणाऱ्याचाही विचार करतो.

आणखी एक अट आहे. नाणे विद्रूप केलेले नसावे आणि त्याचे वजन ठरलेल्या हद्दीखाली गेलेले नसावे. रोजच्या वापराने मळलेले किंवा काळवंडलेले नाणे मात्र चालते. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. अशा पुरात भिजलेल्या नोटा चिकटून फाटतात, पण गाळातून काढलेले नाणे धुऊन पुन्हा वापरता येते. चिखल लागल्याने त्याचे कायदेशीर मूल्य जात नाही. भोक पाडलेले, कापलेले किंवा मुद्दाम घासलेले नाणे मात्र वेगळे.

दहाच्या नाण्याभोवतीचे गैरसमज

'₹' हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले आणि २०११ पासून ते नाण्यांवर आले. त्याआधीच्या दहाच्या नाण्यांवर ते असणे शक्यच नव्हते. तरी "चिन्ह नसलेले खोटे" अशी अफवा पसरली. दुसरी अफवा रेषांची: दहा रेषांचे खरे, पंधरा रेषांचे खोटे.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये पत्रक काढून हे स्पष्ट केले. २०१८ च्या पत्रकानुसार तोवर दहाच्या नाण्याच्या १४ वेगवेगळ्या नक्षी निघाल्या होत्या आणि त्या सर्व कायदेशीर चलन आहेत. चिन्ह असो वा नसो.

नक्षी इतक्या का? कारण सरकार विशेष प्रसंगी स्मारक नाणी काढते आणि त्यांतली काही चलनातही येतात. महाडकरांना जवळचे उदाहरण द्यायचे तर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीवर्षानिमित्त डिसेंबर २०१५ मध्ये १२५ रुपयांचे स्मारक नाणे आणि १० रुपयांचे चलनी नाणे प्रसिद्ध झाले. ज्या गावात मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी पिऊन समतेचा हक्क बजावला, त्याच गावात त्यांची प्रतिमा असलेले दहाचे नाणे कोणी "चालत नाही" म्हणून परत केले, तर ते कायद्याला धरून नाही. १९९९ मध्ये निघालेले शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणेही असेच चलनातले होते.

काय चालत नाही, काय गुन्हा आहे?

सरकार एखादे नाणे परत बोलावू शकते. २५ पैसे व त्याखालच्या नाण्यांचे तसेच झाले. ३० जून २०११ पासून ती कायदेशीर चलन राहिली नाहीत. ५० पैशांबाबत असा निर्णय झालेला नाही. बाजारात त्यात काही मिळत नसले तरी ते आजही वैध आहे.

नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे, आणि त्यासाठी ती साठवून ठेवणे, हा गुन्हा आहे. सरकारच्या परवानगीशिवाय धातूचा तुकडा पैसा म्हणून चालवणेही कलम १२ मध्ये मना आहे. यासाठी सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. बनावट नाणी पाडण्याची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ मध्ये आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाते.

दुकानदाराने नाकारलेच तर?

इथे नीट समजून घ्यायला हवे, कारण समाजमाध्यमांवर "नाणे नाकारले तर देशद्रोह" असे संदेश फिरतात. नाणे अधिनियमात नाणे न स्वीकारणाऱ्या दुकानदाराला शिक्षा देणारे स्वतंत्र कलम नाही. कायद्याचा जोर देणाऱ्याच्या बाजूने वेगळ्या रीतीने येतो.

समजा, तुम्ही पोलादपूरच्या हॉटेलात जेवलात आणि बिल १८० रुपये झाले. आता ते तुमच्यावरचे देणे आहे. तुम्ही दहाची अठरा नाणी पुढे केलीत. रक्कम पूर्ण आहे, हजाराच्या आत आहे, नाणी चांगली आहेत. म्हणजे तुम्ही फेड योग्य रीतीने देऊ केली. समोरच्याने ती घेतली नाही, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३८ नुसार पैसे न दिल्याचा दोष तुमच्यावर येत नाही. "हा पैसे न देता निघाला" असे त्याला म्हणता येणार नाही. मात्र देणे तसेच उभे राहते. ते आपोआप माफ होत नाही.

वाद न वाढवता काय करता येईल?

• रिझर्व्ह बँकेने सर्व नक्षींची नाणी वैध असल्याचे जाहीर केले आहे, हे शांतपणे सांगा. नाकारणारा बहुतेक वेळा लबाडी करत नसतो. पुढचा माणूस आपल्याकडून हे नाणे घेणार नाही, अशी भीती त्याला असते.

• नाणी साठली असतील तर बँकेत भरा. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार बँकांनी आपल्या सर्व शाखांत नाणी स्वीकारायची आहेत. हजाराची मर्यादा देणेफेडीसाठी आहे. खात्यात नाणी भरण्यावर कायद्याने कमाल मर्यादा घातलेली नाही.

• मोजायला सोपे जावे म्हणून एकाच दर्शनी किमतीची शंभर-शंभर नाणी पिशवीत बांधून न्या.

• बँक शाखेने नकार दिला तर आधी त्या बँकेकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल यंत्रणेकडे जाता येते.

भार कोणावर पडतो?

नाणे नाकारले जाते तेव्हा नुकसान सारखे वाटले जात नाही. ऑनलाइन पैसे देणाऱ्याला फरक पडत नाही. फरक पडतो तो रायगडाच्या वाटेवर ताक, सरबत आणि काकडी विकणाऱ्या बाईला. पर्यटक तिला दहाची नाणी देऊन जातात, आणि संध्याकाळी किराणा दुकानात तीच नाणी चालत नाहीत. मग ती नाणी डब्यात पडून राहतात, किंवा कोणाला तरी कमी दराने द्यावी लागतात. शब्द जुना आहे, पण हा बट्टाच आहे.

१६७४ मध्ये रायगडावरून आलेल्या उत्तरात रयतेचे नुकसान होऊ नये हा विचार होता. तेव्हा तिचे रक्षण धातूच्या शुद्धतेने होई, आणि त्यासाठी हलके नाणे नाकारण्याची मोकळीक लागे. आज तिचे रक्षण कायद्याने होते, आणि त्यासाठी खरे नाणे स्वीकारले जाणे लागते. पुढच्या वेळी कोणी दहाचे नाणे पुढे केले, तर ते घ्या. तुम्ही घेतलेत की तुमच्या पुढचाही घेईल, आणि ते चालू लागेल.